पैलवान येणार आहेत, सतरंजी कुठं टाकायची?

काही वर्षांपूर्वी गणपतीत आमच्या मंडळानं एका जुन्या पैलवानांना शेवगावला बोलावलं होतं. एके काळी ते आखाड्यात उतरले की जत्रेतली माणसं पाळणे सोडून हगाम्याकडं पळायची. कार्यक्रमाची वेळ सहाची, सुरू झाला साडेआठला. स्टेजवर अठरा खुर्च्या. प्रत्येक खुर्चीला हार, आणि ज्याला हार त्याचे दोन शब्द. खाली पुढच्या दोन रांगा मान्यवरांसाठी राखलेल्या, त्यातल्या निम्म्या रिकाम्या. ज्या पोरांसाठी एवढा घाट घातला ती तालमीतली पोरं पार मागं, जनरेटरच्या घरघरीत. पैलवानांच्या हाती माईक आला तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती, आणि दहाला स्पीकर बंद म्हणजे बंद. ते म्हणाले, "व्यायाम करा, आईवडिलांचं ऐका, व्यसनापासून लांब राहा," आणि हात जोडून बसले. तेवढ्या वेळात दुसरं काय बोलणार होते?

जेवणं झाल्यावर मंडपामागं, भांड्यांच्या ढिगाशेजारी, ते तांदळाच्या पोत्यावर टेकले होते. दहा-अकरा वर्षांचं एक पोरगं जवळ सरकलं आणि विचारून बसलं, "आबा, तुमचा कान असा कशानं झाला?" आम्ही त्याला हटकणार, तेवढ्यात पैलवानांनीच त्याचा हात धरून आपल्या मोडलेल्या कानावर ठेवला. "दाबून बघ. हाडासारखा लागतो ना? तुझ्याएवढा होतो तेव्हा मऊ होता." मग त्याला म्हणाले, "माझं मनगट धर. दोन्ही हातांनी. सगळा जीव लावून." पोरानं धरलं. "आता जोर कुणाकडं जास्त ते बघायचं नाही. त्याचा अंगठा कुठं आहे ते बघायचं. मूठ तिथंच उघडी असते." आणि त्यांनी मनगट अंगठ्याच्या फटीकडं नुसतं वळवलं. सुटलं. पोरगं पुन्हा धरतंय, पुन्हा सुटतंय. बघता बघता वीसेक पोरं गोळा झाली. खरा कार्यक्रम तो अर्धा तासच होता. त्याचा एकही फोटो नाही, कारण फोटोग्राफर हारांचे फोटो काढून केव्हाच घरी गेला होता.

त्या रात्रीनंतर पाहुणे बोलवायची आमची पद्धत बदलली. जिल्ह्यातल्या ज्या तालमी, तरुण मंडळं, क्रीडा मंडळं एखाद्या निवृत्त खेळाडूला बोलवायच्या विचारात असतील त्यांच्यासाठी हे लिहितोय. मुख्य सांगणं एकच आहे: पाहुण्याचा वेळ पोरांच्या वाट्याला यावा. मांडवापासून मानधनापर्यंत सगळी व्यवस्था त्या एका गोष्टीभोवती लावायची.

बैठक बसली की आधी नावांचा विषय निघतो, आणि आपल्या जिल्ह्यात पहिलं नाव झहीर खानचं निघतं. श्रीरामपूरचा पोरगा, २०११ च्या वर्ल्ड कपात २१ बळी घेणारा, त्याचा अभिमान कुणाला नसेल? पण तालुक्याच्या मंडळानं एवढ्या मोठ्या नावामागं वर्ष घालवू नये. महाराष्ट्रात असे कितीतरी खेळाडू आहेत ज्यांनी राज्याचा, देशाचा पोशाख अंगावर चढवला, पदकं आणली, मग पोलिसात, रेल्वेत, एसटीत किंवा शाळेत नोकरी केली आणि आता घरी आहेत. त्यांना फोन जात नाहीत. तुमचा गेला तर ते येतील, आणि मनापासून बोलतील. नगरला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा, शिवछत्रपती पुरस्कार मिळालेल्यांची नावं शोधा, त्या त्या खेळाच्या जिल्हा संघटनेला विचारा. सगळ्यात खात्रीची माहिती मात्र वस्तादांकडं असते. कोण कुठं राहतं, कुणाची तब्येत कशी आहे, कुणाला पोरांत रमायला आवडतं, हे त्यांना तोंडपाठ असतं.

नाव ठरवताना आपल्या मैदानावर काय चालतं तेही बघावं. कुस्तीचं वेड आपल्याकडं आहेच. २०२५ च्या सुरुवातीला नगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी भरली तेव्हा तालुक्या-तालुक्यातून माणूस लोटला होता. पण पहाटे साडेपाचला शेवगावच्या मैदानावर आणि बाहेरच्या रस्त्यांवर जाऊन उभं राहा. तिथं पळणारी बहुतेक पोरं-पोरी पोलीस भरतीची तयारी करत असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना कुणी शिकवणारं नसतं, मोबाइलवर बघून पळतात आणि नडगी धरून बसतात. अशा ठिकाणी एखादी निवृत्त धावपटू एक सकाळ आली, तर तिचा जितका उपयोग होईल तितका दुसऱ्या कुणाचाच होणार नाही.

तारखेचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथं आपल्या भागाची एक अडचण आहे. ऑलिंपिक पदक आणणारे पैलवान खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. संक्रांतीला लागून येणारा दिवस, हवा थंड, कार्यक्रमाला सगळं अनुकूल. पण शेवगाव-पाथर्डीकडची कितीतरी घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला बाहेर पडतात. पोरंही बरोबर जातात. जानेवारीत ती कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर, कोप्यांमध्ये असतात. तुम्ही त्या दिवशी मैदान भरवलंत तरी तालुक्यातली चिवट पोरं त्यात नसतील. पहाटे उठायची, अंगमेहनतीची सवय ज्यांना आधीच आहे, त्यांनाच आपण वगळून बसू. म्हणून आम्ही २९ ऑगस्टच्या आसपासची तारीख धरतो. ध्यानचंदांचा जन्मदिवस, राष्ट्रीय क्रीडा दिन, आणि गणपतीही तेव्हाच आगेमागे असतात. घरं गावात असतात, शाळा भरलेल्या असतात. पावसाचा भरवसा नसतो, तेव्हा एखादं सभागृह किंवा शाळेचा हॉल हाताशी ठेवायचा. दुसरा पर्याय हनुमान जयंतीचा किंवा गावच्या जत्रेचा. तेव्हा उन्हं कडक, म्हणून सगळं सकाळी किंवा दिवस कलल्यावर. आठवडे बाजाराचा दिवस कुठल्याही परिस्थितीत टाळा.

निमंत्रणाला दोन माणसं स्वतः जावीत. पत्र न्यावं, त्यात तारीख, वेळ, जागा, किती पोरं असतील, पाहुण्यांकडून नेमकं काय हवंय, हे स्वच्छ लिहावं. आणि मानधनाचं त्याच बैठकीत बोलावं. या विषयाला आपण फार लाजतो. "तुम्ही आमचेच, तुम्हाला काय द्यायचं," असं म्हणत निरोपाच्या वेळी खिशात पाकीट कोंबायचं, ही रीत सोडून द्या. समोरचा माणूस अर्ध्या पेन्शनवर घर चालवत असेल, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे साठवत असेल. आपली ताकद पाच हजारांची असेल तर पाच हजार सांगा. ते नको म्हणाले तर तो त्यांचा मोठेपणा, पण जाण्या-येण्याचा खर्च मंडळाचाच.

मानधनाचं एवढं का ताणतोय, त्यामागं एक गोष्ट आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले ते लोकांच्या वर्गणीवर. गावोगाव पैसे गोळा झाले, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेटमध्ये ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक त्यांना घेऊन गावाकडं निघाली. महाराष्ट्रानं खेळाडूचं असं स्वागत क्वचितच केलं असेल. पण त्यानंतर काय झालं तेही माहीत असायला हवं. खाशाबांनी स्वतः कुस्त्यांची मैदानं भरवून ते कर्ज फेडलं. १९५५ ला पोलिसात फौजदार म्हणून लागले. १९८४ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावानं जाहीर झाला तो त्यानंतर पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. बैलगाड्यांची मिरवणूक एक दिवसाची होती, पुढची तीस-बत्तीस वर्षं त्यांची त्यांना काढावी लागली. निवृत्त खेळाडूला बोलवणारं मंडळ त्या उरलेल्या वर्षांमध्ये पाऊल टाकत असतं, हे मनात ठेवून निमंत्रणाला जावं. आणि ज्या वर्गणीनं कधी काळी खेळाडू हेलसिंकीला पोचवला, त्याच वर्गणीतून आज एक खेळाडू शेवगावला आणता येतो, हे देणगीदाराला सांगितलं की तो पावती फाडायला का-कू करत नाही, असा आमचा अनुभव आहे.

वर्गणीवरून आठवलं. मंडळाची नोंदणी नसेल तर वर्गणी काढण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून कलम ४१ क खालची परवानगी घ्या. स्पीकरसाठी पोलीस ठाणं, रस्त्यावर मांडव असेल तर नगरपरिषद. ही कामं दोन आठवडे आधी उरकली की शेवटच्या दिवशी कार्यकर्ते पाहुण्यांसाठी मोकळे राहतात.

प्रवासाचा विचार पाहुण्यांच्या वयानुसार करायचा. शेवगावला रेल्वे नाही. पुण्याहून येणारा माणूस नगर, करंजीचा घाट, तिसगाव, अमरापूर असा गाडीनं येणार. कारखाने चालू असतील तर उसाच्या ट्रॉल्यांमागं तास-तास जातो. सत्तरीच्या माणसाला एवढ्या प्रवासानंतर थेट स्टेजवर चढवू नये. आदल्या संध्याकाळीच आणावं, मुक्कामाची खोली तळमजल्यावर, संडास कमोडचा. हे आधी विचारायला संकोच वाटतो, पण ज्यानं आयुष्यभर हजार-हजार बैठका मारल्या त्याचे गुडघे आज उकिडवं बसू देत नाहीत, हे लक्षात घ्या. जेवणाचंही तसंच. पैलवान म्हटलं की आपण ताटात तुपाची धार सोडतो आणि 'अजून एक' म्हणून आग्रह करतो. त्यांना साखर असते, रक्तदाब असतो, गोळीची वेळ असते. घरच्यांना फोन करून विचारा, आणि साडेसातला जेवू घाला.

आता स्टेज. आमचा नियम झालाय: स्टेजवर चार खुर्च्या, त्याहून जास्त नाही. पाहुणे, गप्पा मारणारा, मंडळाचे अध्यक्ष आणि एक तालमीतलं पोरगं किंवा पोरगी. एक फेटा, एक शाल, एक हार, सगळ्यांच्या वतीनं, तोही त्या पोराच्या हातून. बाकी मान्यवर खाली पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर, आणि त्यांच्याही पुढं, स्टेजला चिकटून, सतरंजी टाकायची. त्यावर पोरं. लोकप्रतिनिधी येणार असतील तर आदल्या दिवशी घरी जाऊन ही बैठक सांगावी. 'साहेब, तुमचं नाव आदरानं घेऊ, पण बोलणं फक्त पाहुण्यांचं आहे.' आधी सांगितलं तर कुणी रागावत नाही. ऐनवेळी माईक नाकारला तर वर्षभराचा वाद होतो. स्टेजच्या पायऱ्या बुटक्या करा, बाजूला धरायला बांबू बांधा. पाहुणे अपंग खेळाडू असतील तर स्टेजच नको, सगळे जमिनीवर, त्यांच्या पातळीला.

भेटवस्तूबद्दल एकच सांगतो, कारण यात नकळत दुखावलं जातं. चांदीची गदा हा महाराष्ट्र केसरीचा मान आहे. जो पैलवान अंतिम फेरीत हरला, त्याला आपण हौसेनं पितळी गदा हातात देतो आणि फोटोसाठी खांद्यावर घ्यायला लावतो. त्याला त्या क्षणी काय वाटत असेल? एखादी जाड घोंगडी द्या. थंडीत वापरली जाईल.

ओळख करून देणाऱ्यानं अभ्यास करावा. उपमहाराष्ट्र केसरीला महाराष्ट्र केसरी म्हणू नये, शिवछत्रपती पुरस्काराला अर्जुन म्हणू नये, सहभागाला पदक म्हणू नये. मोठं करून सांगितलेलं खेळाडूला चालत नाही. त्याचं आयुष्य सेकंदांनी आणि गुणांनी मोजलेलं असतं. विशेषणांऐवजी एक आकडा पुरतो. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचं शरीर अधू झालं. १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ते पोहले ३७.३३ सेकंदांत, विक्रम करून, आणि भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण आणलं. पद्मश्री मिळाली २०१८ ला. ओळख करून देणाऱ्यानं '३७.३३' म्हणायचं, घड्याळ लावून समोरच्या पोरांना तेवढे सेकंद गप्प बसवायचं, आणि मग म्हणायचं, एवढ्या वेळात. आम्ही आमच्या पाहुण्यांच्या वेळेवर हे करून बघितलं. मांडवात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

भाषण ठेवू नका, गप्पा ठेवा. चाळीस मिनिटं. विचारणारा असा हवा ज्यानं तो खेळ थोडाफार खेळलाय. पंधरा दिवस आधी शाळांमधून पोरांकडून चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवा, नावासकट. त्या चिठ्ठ्या चाळताना तुमचं तुम्हालाच कळेल की पोरांना काय हवंय. 'तरुणांना काय संदेश द्याल' हा प्रश्न एकाही चिठ्ठीत नसतो. असतं ते असं: हरल्यावर त्या रात्री जेवलात का? मारामारीत कधी डाव वापरलात का? आई रडली का? पहिले बूट कुठून आणले? खेळ सुटला त्या दिवशी काय केलंत? हा शेवटचा प्रश्न जपून, पण जरूर विचारा. पस्तिशीत ज्याचं काम संपतं त्या माणसाकडं सांगण्यासारखं असं काही असतं जे आपल्याला साठीनंतर कळतं. ते उत्तर देताना थांबले तर थांबू द्या. निवेदकानं मधल्या शांततेत शेरोशायरी भरू नये.

पाहुण्या बाई असतील तर स्वागतापासून मुक्कामापर्यंत मंडळातल्या दोन ताई सोबत असाव्यात, मैदानाजवळ स्वच्छ बाथरूम असावी. आणि 'घर आणि खेळ कसं सांभाळलंत' या प्रश्नापाशी अडकू नका. साताऱ्याच्या माणदेशातली, मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. भारतीय महिला धावपटू ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचली ती १९८४ च्या पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी. पुढं ललिता बाबर प्रशासकीय सेवेत गेल्या. अशा बाईंना पाण्याच्या अडथळ्यावर पाय कसा टाकायचा, दुष्काळी गावात सराव कुठं केला, शेवटच्या फेरीत श्वास कसा राखला, हे विचारायला हवं. समोर बसलेल्या मुलींच्या आयांनाही कल्पना देऊन ठेवा की दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पोरींना मैदानावर पाठवायचंय. आईनं पाठवलं तरच मुलगी येते, म्हणून आयांची सतरंजी मुलींशेजारीच टाकायची.

ती पहाट हा कार्यक्रमाचा गाभा आहे. तीस-चाळीस पोरं पुरेत, जास्त नकोत. माईक नको, हार नको, फोटोग्राफर लांबून. पाहुण्यांना खुर्ची द्या आणि त्यांना झेपेल तेवढंच करू द्या. 'एक डाव दाखवाच' असा आग्रह धरू नका, जुना खांदा एका झटक्यात निसटतो. पण बहुतेकदा ते स्वतःच उठतात. गेल्या खेपेला एका निवृत्त धावपटू बाईंनी पोरींना पळवलंच नाही. अनवाणी चालायला लावलं, ओल्या मातीवर, आणि उमटलेल्या पावलांकडं बोट दाखवत फिरल्या. "हिची टाच बाहेरून पडते. म्हणून नडगी दुखते. हो ना?" ती पोरगी तोंड उघडं टाकून बघत राहिली, कारण तिनं दुखण्याचं कुणालाच सांगितलं नव्हतं. मग बुटाचा तळ उलटा करून दाखवला, एका बाजूनं झिजलेला. तालमीच्या वस्तादांनी वही काढून लिहून घेतलं. तुम्हीही एक वही ठेवा, आणि पाहुणे जे जे सांगतील ते कुणीतरी त्याच जागी टिपून घ्या. दुपारपर्यंत अर्धं विसरायला होतं.

पाहुणे निघाले की त्यांचा फोटो पुढच्या कुठल्याही फ्लेक्सवर, विशेषतः निवडणुकीच्या, त्यांना न विचारता लावू नका. आठवडाभरात पहाटेचे फोटो घरी पोचवा, मोबाइलवर तर पाठवाच, पण चार-पाच छापूनही. वयस्कर माणूस छापलेला फोटो भिंतीला लावतो.

आणि गप्पांमध्ये वेळ न पुरल्यानं ज्या चिठ्ठ्या उरतात त्या फेकू नका. पाकिटात घालून, वर एकाच कार्यकर्त्याचा नंबर लिहून, पाहुण्यांच्या हाती द्या. आम्ही त्या धावपटू बाईंना अकरा चिठ्ठ्या दिल्या होत्या. पंधराएक दिवसांनी रात्री फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, बाई एकदम म्हणाल्या, "ती निळ्या शाईतली चिठ्ठी कुणाची आहे? 'मला दम का लागतो' असं लिहिलंय. त्या पोरीला उद्या सकाळी पळून आल्या आल्या मला फोन करायला सांगा. तिचा श्वास ऐकायचाय मला."